वाटेत थांबलेले यात्रेकरू : संत एकनाथ

ज्येष्ठ महिना अर्ध्यावर आला की आपल्या बीड जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप बदलते. शेतात पेरणीची घाई असते, सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात आणि त्याच दिवसांत रस्त्याच्या कडेने पताका दिसू लागतात, टाळांचा आवाज येऊ लागतो. मुक्ताईनगरहून निघालेली संत मुक्ताबाईंची पालखी गेवराई, बीड या मार्गाने जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून जाते. आणि पैठणहून निघालेली संत एकनाथांची पालखी शिरूर कासार व पाटोदा तालुक्यांतून, बालाघाटचे डोंगर चढत-उतरत जाते. वाटा वेगवेगळ्या, पण सगळ्यांचे तोंड एकाच दिशेला, पंढरपूरकडे.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही जण जीपने एका लग्नाला निघालो होतो. पाटोद्याच्या अलीकडे दिंडी लागली आणि गाडी रस्त्यातच उभी राहिली. दहा मिनिटे झाली, वीस झाली. प्रत्येक जण घड्याळ पाहू लागला. गाडीतले एक लहान लेकरू उकाड्याने रडून हैराण झाले होते. तेवढ्यात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक आजी रांगेतून बाजूला आली. तिने लेकराकडे पाहिले, पदराची गाठ सोडली, खडीसाखरेचे दोन खडे त्याच्या हातावर ठेवले आणि पुन्हा चालू लागली. लेकरू गप्प झाले. आम्हीही गप्प झालो. अजून शंभराहून अधिक किलोमीटर चालायचे असलेली ती बाई आपणहून थांबली होती, आणि गाडीत आरामात बसलेले आम्ही, थांबावे लागले म्हणून चिडलो होतो.

ती ज्यांच्या पालखीबरोबर चालत होती, त्या एकनाथांची आठवण त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून राहिली आहे. नाथांनी आयुष्यात फार मोठ्या यात्रा पायी केल्या. परंतु लोकांनी चारशे वर्षे जपून ठेवल्या त्या गोष्टी त्यांच्या चालण्याच्या नाहीत, तर वाटेत थांबण्याच्या आहेत. म्हणून या रविवारी त्यांच्या जीवनाची ओळख आपण करून घेऊ या.

पैठणचा पोरका मुलगा

एकनाथांचा जन्म गोदावरीकाठी पैठण येथे इ.स. १५३३ च्या सुमारास झाला. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते तीच ही गोदावरी. त्या काळी हा सारा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता. पैठण हे पंडितांचे गाव. धर्मशास्त्राचा निर्णय हवा असेल तर लांबून लोक तेथे येत, आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाचा शब्द शेवटचा मानला जाई.

एकनाथांचे पणजोबा संत भानुदास हे नावाजलेले वारकरी. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली, असे परंपरा सांगते. म्हणजे पंढरीची वाट या घराला नवी नव्हती. वडिलांचे नाव सूर्यनारायण, आईचे नाव रुक्मिणी. दोघेही एकनाथ अगदी लहान असतानाच वारले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढवले. म्हाताऱ्या माणसांच्या घरात वाढलेले मूल जसे असते, तसाच हा मुलगा शांत आणि विचारी होता. त्याला पुराणकथा ऐकायला आवडे, आणि ऐकून झाल्यावर तो असे प्रश्न विचारी की सांगणाऱ्याला उत्तर सुचत नसे.

बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा घरातून कोणाला न सांगता निघाला आणि चालत देवगिरीला, म्हणजे दौलताबादला गेला. पैठणपासून हे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास आहे. आजोबा-आजीच्या जिवाचे काय झाले असेल, याची कल्पना आईबाप असलेल्या प्रत्येकाला येईल. एकनाथांची ही पहिली यात्रा, आणि ती दोन म्हाताऱ्या जिवांना रडवून झाली, हेही आपण विसरू नये. थोरांच्या चरित्रातही असे प्रसंग असतात. ते झाकून ठेवले तर माणूस कळत नाही.

देवगिरीची शिकवण

देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी हे निजामशाहीचे अधिकारी होते. ते मूळचे चाळीसगावचे. सरकारी कामकाज चोख आणि भक्तीही तितकीच चोख, असा त्यांचा लौकिक होता. एकनाथ त्यांच्याकडे शिष्य म्हणून राहिला आणि काही वर्षे त्यांची सेवा करीत शिकला.

हिशेबाची एक गोष्ट या काळातील म्हणून सांगतात. जनार्दनस्वामींनी एकनाथाला जमाखर्च तपासायला दिला. हिशेबात एका पैचा फरक येत होता. मुलगा दिवा लावून बसला आणि मध्यरात्र उलटून गेली तरी उठला नाही. शेवटी चूक सापडली तेव्हा आनंदाने त्याने टाळी वाजवली. त्या आवाजाने जागे झालेल्या गुरूंनी त्याला समजावले, की एका पैच्या चुकीत जसे मन लावलेस तसेच देवाच्या ठिकाणी लाव. गोष्ट लहान आहे. पण पुढच्या साऱ्या आयुष्याचा धागा तिच्यात आहे. लहान गोष्ट लहान म्हणून सोडून द्यायची नाही, मग ती हिशेबातली पै असो की रस्त्यावरचे लेकरू.

जनार्दनस्वामी शिष्याला घेऊन नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या यात्रेला गेले. तेथेच त्यांनी एकनाथांना भागवतातील चार श्लोकांवर मराठीत लिहिण्यास सांगितले. चतु:श्लोकी भागवत हा त्यांचा पहिला ग्रंथ तो हाच. मग गुरू देवगिरीला परतले आणि एकनाथ एकटे पुढच्या तीर्थयात्रेला निघाले.

त्या काळची पायी यात्रा म्हणजे काय, याची कल्पना आज येणे कठीण. आज वारीबरोबर पाण्याचे टँकर असतात, दवाखान्याच्या गाड्या असतात, मुक्कामाला मंडप असतात. तरीसुद्धा पाय फुटतात आणि माणसे आजारी पडतात. तेव्हा वाट म्हणजे जंगल, नदीला पूल नाही, चोरांचे भय, आणि पुढच्या गावी भाकरी मिळेल याची खात्री नाही. घरातून यात्रेला निघालेला माणूस परत येईलच असे कोणी धरून चालत नसे. एकनाथांनी अशी काही वर्षे चालण्यात काढली.

जेथे पत्र मिळाले तेथेच

इकडे आजोबा-आजींनी नातवाचा शोध सोडलेला नव्हता. देवगिरीला जाऊन त्यांनी जनार्दनस्वामींची भेट घेतली. स्वामींनी त्यांच्या हाती एकनाथांच्या नावे एक पत्र लिहून दिले. यात्रा आता पुरे, लग्न करून पैठणलाच राहावे आणि म्हाताऱ्यांची काळजी घ्यावी, असा त्या पत्राचा आशय होता.

यात्रा करीत एकनाथ पैठणजवळ आले. घरी न जाता ते गावाबाहेर महादेवाच्या मंदिरात उतरले. बहुधा पुन्हा पुढे निघून जायचा त्यांचा विचार असावा. पण म्हाताऱ्यांनी नातवाला ओळखले. वर्षानुवर्षे जपून ठेवलेले ते पत्र त्यांनी त्याच्या हातात दिले. गुरूंचे अक्षर पाहून एकनाथांनी ते डोक्याला लावले, वाचले, आणि जेथे उभे होते तेथेच त्यांची यात्रा संपली. गावात जाऊन मग विचार करू, असेही ते म्हणाले नाहीत. पत्र मिळाले त्याच जागी ते राहिले, अशी पैठणकरांची परंपरा आहे.

बारा वर्षांचा असताना ज्यांना रडवून तो निघून गेला होता, त्यांच्याकडे तो असा परत आला. आमच्या मते नाथांच्या आयुष्यातला हा पहिला मोठा थांबा. चालत राहणे त्यांना आवडत होते, आणि त्यातच देव भेटेल असेही वाटत असेल. परंतु घरातील दोन म्हातारी माणसे हीदेखील देवानेच सोपवलेली आहेत, हे त्यांना त्या दिवशी कळले.

पुढे विजापूर भागातील गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला. दोन मुली आणि हरी नावाचा एक मुलगा झाला. गिरिजाबाईंचे नाव नाथांच्या चरित्रात नेहमी आदराने घेतले जाते. अवेळी आलेल्या पाहुण्याला जेवू घालणारे ते घर होते, आणि चूल तर गिरिजाबाईंचीच पेटायची. प्रसिद्ध कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे चिरंजीव.

काशीची वाट

संसारी झाले म्हणून नाथांचे चालणे कायमचे थांबले नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठी ओव्यांत टीका लिहायला घेतली. पहिले पाच अध्याय झाले आणि त्यांची नक्कल कोणीतरी काशीला नेली. काशीच्या पंडितांत मोठी खळबळ उडाली. देवाची वाणी संस्कृत, आणि हा पैठणचा माणूस ती बाजारात भाजी विकणाऱ्यांच्या भाषेत आणतो! तेथील एका मठाधिपतींनी नाथांना जाब देण्यासाठी बोलावून घेतले.

पैठण ते काशी सरळ रेषेत मोजले तरी हजार किलोमीटर होतात. नाथ चालत गेले. तेथे त्यांनी आपली बाजू मांडली आणि उरलेले अध्याय काशीतच लिहून काढले. एकनाथी भागवत हा ३१ अध्यायांचा आणि अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ १५७३ साली काशीत पूर्ण झाला. त्याआधी १५७१ साली तेथेच त्यांनी रुक्मिणी स्वयंवर लिहिले. विरोधकांनी ग्रंथ गंगेत टाकला आणि गंगेने तो वर उचलून दिला, अशी कथा आहे. शेवटी ज्या काशीने जाब विचारला, त्याच काशीने ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते.

येथे आपल्याला एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच काळात, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू गोव्यात आले. ते तेथील लोकांची भाषा शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण त्यांनी मराठीत रचले. ते १६१६ साली छापून झाले. नाथ वारले तेव्हा फादर स्टीफन्स गोव्यात वीस वर्षे राहिलेले होते. एक गोदावरीकाठी, एक समुद्रकाठी. दोघांनाही एकच गोष्ट पटलेली होती, की देवाची गोष्ट सामान्य माणसाला त्याच्या आईच्या भाषेत ऐकण्याचा हक्क आहे. आज आपण मिस्सा मराठीत ऐकतो, मराठीत गातो, तेव्हा या दोघांचेही ऋण आपण मानले पाहिजे.

कावडीतले पाणी

आता ती गोष्ट, जी शाळेच्या पुस्तकातून आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पण यात्रेकरूच्या नजरेने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे.

काशीचे गंगाजल कावडीतून रामेश्वरला न्यायचे आणि तेथील शिवलिंगावर वाहायचे, ही फार जुनी रीत आहे. वेळूच्या दांड्याच्या दोन टोकांना दोन शिंकी, त्यांत पाण्याची भांडी, आणि तो भार खांद्यावर. ती कावड जमिनीवर टेकवायची नाही असा भाविकांचा नेम असतो. काशी ते रामेश्वर हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी अठराशे किलोमीटर भरते. कित्येक महिने ते पाणी सांभाळत न्यायचे. स्वतःला तहान लागली तरी त्याला हात लावायचा नाही.

नाथ इतर यात्रेकरूंबरोबर असे चालत होते. ऊन भयंकर होते, वाळू तापलेली होती. वाटेत एक गाढव तहानेने व्याकूळ होऊन पडले होते. पुढे गेलेल्या यात्रेकरूंनी ते पाहिले असेलच. कोणाला दयाही आली असेल. परंतु प्रत्येकाच्या खांद्यावर देवाचे पाणी होते, आणि देवाचे पाणी गाढवाला कसे द्यायचे? नाथ थांबले. त्यांनी कावड उतरवली, झाकण काढले आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात ओतले. गाढव उठून उभे राहिले. बरोबरचे लोक हळहळले. एवढ्या लांबची यात्रा फुकट गेली असे त्यांना वाटले. नाथांना मात्र वाटले की आपला रामेश्वर येथेच भेटला आणि पाणी त्याला पोहोचले.

नाथांची ही चरित्रकथा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः संतचरित्रकार महिपतींमुळे. त्यांनी भक्तविजय १७६२ साली आणि भक्तलीलामृत १७७४ साली लिहिले, म्हणजे नाथांच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांच्या आसपास. तोवर या गोष्टी लोकांच्या तोंडी राहिल्या होत्या. ज्या समाजाने ही गोष्ट इतकी वर्षे विसरू दिली नाही, त्याला त्यात काहीतरी खरे सापडले असलेच पाहिजे.

आपल्याला ही गोष्ट ऐकताना संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आठवतो. येरुशलेम ते यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला पाहून याजक गेला, लेवीही गेला. ते दोघे दुष्ट होते असे प्रभु येशूने कोठेही सांगितलेले नाही. त्यांनाही कदाचित देवाचेच काम होते. थांबला तो परका शोमरोनी. देवाच्या कामाला निघालेला माणूस देवाच्याच लेकराला ओलांडून जाऊ शकतो, हा धोका येरुशलेमच्या वाटेवर होता आणि रामेश्वरच्या वाटेवरही होता. तो आपल्या चर्चच्या दारापर्यंतच्या वाटेवर नाही, असे आपण म्हणू शकतो का?

वाळवंटातले लेकरू

तिसरा थांबा पैठणमध्येच, घरापासून हाकेच्या अंतरावर घडला. दुपारची वेळ होती. नाथ गोदावरीवर निघाले होते. नदीच्या तापलेल्या वाळूत त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातील एक तान्हे लेकरू रडत होते. आई पाण्याला गेली होती आणि ते मागे राहून गेले होते. पायांना चटके बसत होते, तोंडाला लाळ-शेंबूड लागला होता. नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतले, तोंड पुसले आणि महारवाड्यात नेऊन आईच्या हाती दिले.

आज हे वाचताना यात विशेष काय असे तरुणांना वाटेल. पण हे पैठणमध्ये घडत होते, जेथे सावलीचाही विटाळ मानला जाई. अशीच दुसरी गोष्ट श्राद्धाच्या जेवणाची. ब्राह्मणांसाठी रांधलेल्या अन्नाचा वास घेऊन रस्त्याने जाणारी महार कुटुंबे थबकली, तेव्हा नाथांनी आणि गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांनाच वाढले. ब्राह्मण रागावून उठून गेले. राणू महाराच्या घरी नाथ जेवायला गेल्याची कथाही प्रसिद्ध आहे. या सगळ्याची किंमत त्यांना मोजावी लागली. गावाने वाळीत टाकले, प्रायश्चित्त घ्यायला लावले. घरातही दुखणे होतेच. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान निघाला, पण वडिलांचे मराठीत सांगणे आणि कोणाच्याही हातचे जेवणे त्याला पटेना. तो घर सोडून काशीला निघून गेला. पुढे बापलेकांचा समेट झाला. पण स्वतः कधी आजोबांचे घर सोडून गेलेल्या नाथांना मुलगा गेला त्या दिवशी काय वाटले असेल?

आता आपल्या मनातली एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांच्या पणजोबांची घरे गावकुसाबाहेर होती. म्हणून ही गोष्ट आपण नाथांच्या बाजूने ऐकतो तशी त्या लेकराच्या बाजूनेही ऐकतो. त्या लेकराला उचलले गेले, घरी पोहोचवले गेले. पण ते मोठे झाले तेव्हा पंढरपूरच्या देवळात त्याला पाऊल ठेवता येत नव्हते. संत चोखामेळा बाहेरच उभे राहिले, आणि नाथांच्या नंतरही साडेतीनशे वर्षे ते दार तसेच राहिले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले तेव्हा कोठे ते दलितांसाठी उघडले. एकट्या संताच्या थांबण्याने सगळा रस्ता बदलत नाही. मागून येणाऱ्यांनाही थांबावे लागते. नाथांचा जयजयकार करणारे लाखो लोक त्यांच्या मागून चालले, पण त्यांच्यासारखे थांबणारे थोडेच निघाले. हे आपल्या ख्रिस्ती समाजालाही तितकेच लागू आहे. पोटजातीवरून सोयरीक मोडणारी घरे आपल्यातही आहेत.

आळंदीची वाट

नाथांची आणखी एक यात्रा सांगायलाच हवी, कारण आजच्या वारीचा एक धागा तिच्याशी जोडलेला आहे. संत ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांत त्या जागेवर रान माजले. नाथांना आजार झाला असता स्वप्नात ज्ञानेश्वर दिसले आणि अजानवृक्षाची मुळी आपल्या गळ्याला लागली आहे ती काढावी, असे त्यांनी सुचवले, अशी कथा आहे. नाथ पैठणहून आळंदीला गेले. हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरहून कमी नाही. रान साफ करून त्यांनी समाधीची जागा शोधली.

परत आल्यावर त्यांनी दुसरे मोठे काम हाती घेतले. नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत पुष्कळ चुका आणि भर शिरली होती. नाथांनी जुन्या प्रती पाहून शुद्ध प्रत तयार केली आणि १५८४ साली ते काम पुरे केले. हिशेबातली एक पै शोधण्यासाठी रात्रभर जागलेला मुलगा पन्नाशीत पुन्हा तेच करीत होता. आज महाराष्ट्रातील घराघरांत जी ज्ञानेश्वरी वाचली जाते तिच्यामागे हे कष्ट आहेत.

याशिवाय त्यांनी भारुडे रचली. जोशी, गोंधळी, वासुदेव, महार, भुत्या, आंधळा, बहिरा अशा गावातल्या सगळ्या माणसांच्या तोंडून त्यांनी परमार्थ सांगितला. हिंदू आणि मुसलमान यांचा एक संवादही त्यांनी लिहिला. त्यात दोघे कडाक्याने भांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. भावार्थ रामायण मात्र त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. ते गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले. हा मुलगा मंदबुद्धीचा मानला जात होता आणि नाथांच्या घरी पुरणपोळीच्या ओढीने आला होता, असे सांगतात.

इ.स. १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला, पैठण येथे गोदावरीतच नाथांनी देह ठेवला. ज्या नदीच्या वाळूतून त्यांनी लेकराला उचलले होते, तीच ही नदी. दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला मोठी यात्रा भरते आणि आपल्या जिल्ह्यातूनही अनेक दिंड्या उन्हातान्हातून पायी तेथे जातात. पैठणला १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयालाही नाथसागर असेच नाव आहे. तहानलेल्याला पाणी पाजणाऱ्या माणसाचे नाव पाण्याला मिळाले, हे योग्यच झाले.

आपल्या दारावरून जाणारी पालखी

नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पंढरपूरला पोहोचते. अठरा-एकोणीस दिवस आणि दोनशे किलोमीटरहून अधिक चाल. रायमोह, पाटोदा, पारगाव घुमरा ही आपल्या जिल्ह्यातील गावे तिच्या वाटेवर आहेत. ज्या पाटोदा तालुक्याच्या डोंगरात मांजरा नदी उगम पावते, तेथेच पालखीला चढण लागते. पुढे खर्डा, परांडा करीत ती पंढरपूरला जाते.

या वाटेवर चालणारे बरेच जण आपल्याच भागातले कोरडवाहू शेतकरी आणि ऊसतोड मजूर असतात. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन, लेकराबाळांसह ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून जे कारखान्याला जातात, पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढतात, तेच पाय ज्येष्ठात पंढरीची वाट धरतात. कारखान्याची वाट पोटासाठी, पंढरीची वाट जिवासाठी. वारीत त्यांना कोणी मुकादम नसतो, आणि चार घास जेवू घालणारा त्यांच्या पाया पडतो. वर्षभर ज्याला कोणी माऊली म्हणत नाही, त्याला तेवढे दिवस सगळे माऊली म्हणतात. पायी वारीचे मोठेपण आम्हाला यात दिसते.

आपणही यात्रेकरूच आहोत. ख्रिस्तसभा तर स्वतःला पृथ्वीवरून चालणारी यात्रेकरू प्रजाच मानते, आणि २०२५ हे पवित्र वर्ष आपण आशेचे यात्रेकरू म्हणूनच पाळले. आपल्यातील काही जण वेलंकनीला जातात, काही माऊंट मेरीला जातात, उपवासकाळात क्रुसाची वाट चालतात. निघताना आपण पुष्कळ तयारी करतो. पण वाटेत कोणी भेटले तर काय करायचे, याची तयारी आपण कधी केली आहे?

नाथांचे तिन्ही थांबे पुन्हा डोळ्यांसमोर आणू या. पहिला घरच्या म्हाताऱ्यांसाठी, दुसरा मुक्या जनावरासाठी, तिसरा गावाने दूर ठेवलेल्या लेकरासाठी. यांतले एकही ठिकाण तीर्थांच्या यादीत नव्हते. आपल्या धर्मग्रामातही असे थांबे आहेत. मुले पुण्याला गेल्यामुळे एकटे पडलेले आजोबा आहेत. आईबाप कारखान्यावर गेल्याने आजीजवळ राहिलेली, शाळा बुडवणारी मुले आहेत. लग्नात ज्यांच्या पंगतीला बसायला आपण टाळतो अशी घरे आहेत.

आणि ज्येष्ठात जेव्हा पताका दिसतील तेव्हा एवढे तरी आपण करू या. ज्यांची घरे रस्त्याच्या कडेला आहेत त्यांनी दारात एक रांजण भरून ठेवावा, वर स्वच्छ ओगराळे ठेवावे. ज्यांना वेळ आहे त्यांनी थकलेल्या म्हातारीला सावलीत बसायला खुर्ची द्यावी. कोणाची दिंडी, कोणाचा धर्म हे विचारण्याचे कारण नाही. गाढवाला पाणी पाजताना नाथांनीही काही विचारले नव्हते.

गाडी अडली तर घड्याळाकडे पाहू नये. आपल्याही लेकराच्या हातावर त्या वाटेवरच्या एका आजीने खडीसाखर ठेवली होती.